वजनाचं पिग्मी खातं

"सध्या चार किलो," डॉक्टर म्हणाले.

मी खुर्चीत पुढे सरकले. चौदा म्हणाले असतील, चोवीस म्हणाले असतील, मलाच चार ऐकू आलं असेल. जून २०२३ चा शेवटचा आठवडा होता. काट्यावर ८१.४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, कंबर १०२. उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.१. म्हणजे मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण उंबऱ्याबाहेर चपला काढतोय. खरं तर मी गेले होते ते जिना उतरताना डावा गुडघा कुरकुरतो म्हणून. एवढे आकडे बघून या माणसानं मागितलं काय, तर चार किलो. मला चक्क अपमान वाटला.

"वजनाच्या पाच टक्के," त्यांनी समजावलं. "तेवढ्यानंही साखरेत फरक दिसतो. तीन महिने घ्या. पुढचं पुढे बघू."

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे आवर्ती ठेव उघडायला माणूस येतो. पगार अठरा हजार, आणि म्हणतो, महिना पाच हजारांचा हप्ता लावा. मी म्हणते, दादा, पाचशेनं सुरू करा, नंतर दुसरं खातं काढू. ऐकत नाहीत. दोन हप्ते हौसेनं भरतात, तिसरा थकतो, चौथ्या महिन्यात समोरच्या फुटपाथवरून तोंड फिरवून जातात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की कोणाचं खातं बुडणार ते मला सहीवरूनच कळतं. आणि स्वतःच्या वजनाच्या बाबतीत मी दर वेळी पाच हजारांचाच हप्ता लावत आले होते.

२०१८-१९ साली आमच्या ऑफिसात, दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारा दीक्षित गट आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारा दिवेकर गट, असे दोन सरळ तट पडले होते. डबा उघडायच्या वेळी वाद व्हायचे. दोन्हीकडच्या बायका बारीक झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात, त्यामुळे दोष त्या दोघांनाही नाही. मी सकाळी एका गटात असायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या. दोन जेवणांच्या मधे थोडं थोडं खायचं, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा विनोद मी वर्षभर प्रत्यक्षात जगले.

मग २०२२ मध्ये पुतण्याचं लग्न ठरलं. तीन महिने हातात होते आणि मी जाहीर केलं, वीस किलो. जाहीर म्हणजे अगदी जावांसमोर. सकाळी काकडी, दुपारी सूप, रात्री पपई. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं तेव्हा मी पैठणीला मॅचिंग ब्लाउज दोन इंच घट्टच शिवायला टाकला. ते अडीच किलो बहुतेक पाणीच होतं, हे मला नंतर कळलं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं, त्याच्यासोबत तिप्पट पाणी धरून ठेवतं, आणि खाणं तोडलं की आधी तेच जातं. पाचव्या आठवड्यात साडेसहा किलो कमी, मूठभर केस फणीत, आणि लेकीवर ओरडणं इतकं वाढलं की तीच म्हणाली, "आई, तू जेव गं." लग्नापर्यंत त्यातलं निम्मं परत आलं होतं, पुढच्या सहा महिन्यांत आठ किलो आलं. ब्लाउजची शिवण लग्नाच्या आदल्या रात्री उसवावी लागली.

तर डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी, कॅश टॅली झाल्यावर, मी कॅल्क्युलेटर घेतला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. वीस किलोंच्या १,५४,००० झाल्या. नव्वद दिवसांनी भागलं तर रोज १,७०० कमी. मी दिवसभरात खायचेच मुळी दोन हजारांच्या आसपास! उरल्या तीनशे कॅलरींत मी संसार, नोकरी आणि पुतण्याचं लग्न करणार होते. मग चार किलोंचं केलं. ३०,८०० भागिले नव्वद. रोज साडेतीनशेच्या आत.

साडेतीनशे म्हटल्यावर मला पिग्मी आठवली. चहाच्या टपरीवाला, फुलवाली, चप्पल शिवणारा, रोज संध्याकाळी आमच्या एजंटाच्या हातावर वीस-पन्नास ठेवतात. कोणाला जड जात नाही, आणि वर्षाच्या शेवटी मुलीच्या फीची रक्कम उभी राहते. साडेतीनशे कॅलरी मला परवडणारी पिग्मी वाटली.

ती काढायची कुठून, ते शोधायला मात्र आठ दिवस लागले. चहा सापडला आधी. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. चमचाभर साखर म्हणजे वीस कॅलरी. एकदम बिनसाखरेचा चहा मला आजारी माणसाचा वाटतो, म्हणून दोनाचे दीड, दीडाचा एक असं करत गणपतीपर्यंत अर्ध्या चमच्यावर आले. तिथे रोजचे दीडशे सुटले.

दुसरी जागा तेलाची. आमच्या घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा डबा. ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे मी एकदाच गेले (त्यांची फी बघता दुसऱ्यांदा जाणं हेच अवास्तव ध्येय ठरलं असतं), त्या म्हणाल्या, माणशी महिन्याला अर्धा लिटर. म्हणजे चौघांत दोन. साताऱ्यात दोन लिटरमध्ये महिना? मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरी येऊन ठरवलं, तीन. किटलीतली पळी काढली आणि तिथे पोह्याचा चमचा ठेवला, बस. स्वयंपाकात दुसरा काही बदल केला नाही.

सासूबाईंना तिसऱ्या दिवशी कळलं. आमटीवर तर्री नाही. "तेलाला कुलूप लावलंस का गं?" मी म्हटलं, आई, तुमच्या गुडघ्यांसाठी पण आहे. "माझ्या गुडघ्यांनी तक्रार केलीय का तुझ्याकडं?" पंधरा दिवस त्यांनी स्वतःच्या वाटीत वरून कच्चं तेल घेतलं, माझ्याकडे बघत. मग एके दिवशी घ्यायच्या विसरल्या. मी काही बोलले नाही. माझा नवरा, ज्यानं काहीही केलं नाही, ना चालला ना चहा सोडला, त्याचं त्या तीन लिटरमध्ये सहा महिन्यांत अडीच किलो उतरलं. याचा राग मला अजून आहे.

तिसरी जागा चालण्याची. तिथे मी चूक करता करता वाचले. पहिल्या उत्साहात 'रोज दहा हजार पावलं' लिहून ठेवलं होतं. हा दहा हजारांचा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, डॉक्टरांच्या कुठल्या चिठ्ठीतून नाही, हे वाचल्यावर तो खोडला. त्याऐवजी लिहिलं: चार भिंतींपर्यंत, मधे न बसता. चार भिंती म्हणजे अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरचं स्मारक, आमच्या घराच्या गॅलरीतून दिसतं. अंतर काही फार नाही, पण चढ असा की पहिल्या दिवशी मी तीन ठिकाणी टेकले, आणि तिसऱ्या ठिकाणी सत्तरीचे एक आजोबा हात मागे बांधून, मला "सावकाश, सावकाश" म्हणत पुढे गेले. त्यात पाऊस सुरू झालेला. जुलैमध्ये साताऱ्यात छत्री धरून चढ चढणं म्हणजे कसरत. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी गच्चीवरच्या पत्र्याखाली वीस मिनिटं येरझाऱ्या, असा पोटनियम केला. पत्र्यावरच्या आवाजात लेक म्हणायची, आई, तू पिंजऱ्यातल्या वाघासारखी दिसतेस. वाघ तरी म्हणाली.

हिशेब लिहायला मोबाइलमधलं ॲप नको होतं. फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं, दुधाचे खाडे त्यावरच लिहितो आम्ही. त्याच चौकोनात चालले की बरोबरची खूण आणि दर शनिवारी वजन. आधी मी रोज काट्यावर चढायचे. सोमवारी ७९.२, मंगळवारी नात्यातल्या साखरपुड्यात पापड-लोणचं-मसालेभात झाला की बुधवारी ८०.४. एका दिवसात सव्वा किलो चरबी चढायची तर नऊ-साडेनऊ हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, तेवढा मसालेभात अख्ख्या पंगतीत नव्हता. मीठ पाणी धरतं, इतकंच. पाळीच्या आधीचे चार दिवस तर काटा सरळ खोटं बोलतो. पण सकाळी सहा वाजता हे गणित कोणाला सुचतं? ८०.४ दिसलं की दिवसभर तोंड वाकडं आणि दुपारी, "आता वाढलंच आहे तर" म्हणून भजी. म्हणून शनिवार. चहाच्या आधी, त्याच गाउनमध्ये, त्याच फरशीवर.

आता उपवासांबद्दल सांगते, कारण माझं खरं घोडं तिथेच अडलेलं होतं. गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि श्रावणातले सोमवार. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घराकडे बघूनच कोणीतरी केली असावी. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, साजूक तूप, बटाट्याचे पापड, दुपारी केळ्याचे वेफर्स आणि 'काही खाल्लं नाही गं सकाळपासून' असं म्हणत संध्याकाळी पुन्हा खिचडी. त्यात २०२३ ला श्रावण अधिक आला. १८ जुलैपासून अधिक, मग निज, पार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दोन महिने श्रावण, आणि माझ्या तीन महिन्यांतले बरोबर तेच दोन. शिवाय अधिक महिना म्हणजे जावयाचं वाण. आई-वडिलांनी कोरेगावहून तेहतीस अनारसे दिले. जावयानं सात खाल्ले. बाकीच्यांचा हिशेब कालनिर्णयावर नाही.

उपवास सोडणं माझ्याच्यानं झालं नसतं, आणि सोडावेत असं मला वाटतही नाही. सासूबाईंशी बोलायला भीत होते. शेवटी एका गुरुवारी म्हटलंच, आई, साबुदाण्याऐवजी भगर केली तर? मला वाटलं आता महाभारत. तर त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी कुठला गं साबुदाणा? माझी आई वरीचा भात आणि ताक घ्यायची. रताळं उकडलं तर सण." तेव्हापासून एकवेळ भगर, दाण्याची पातळ आमटी, ताक, एखादं रताळं. खिचडी फक्त एकादशीला, आणि ती एका वाटीत. कढईतून थेट नाही. वाटीला एवढं महत्त्व असतं हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी वजन ७८.२ भरलं. तीन किलो दोनशे. चार नाही. मी डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसले. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "अनारसे किती?" मग आम्ही दोघंही हसलो. दिवाळीसाठी त्यांनी ध्येय दिलं शून्य किलोंचं. कमी करू नका, वाढू देऊ नका. फराळ करायचा, खायचा, शनिवारी काट्यावर चढायचं. मला आजवर कोणी दिलेलं हे सगळ्यात सुखाचं ध्येय. नोव्हेंबरअखेर ७७.६.

आप्पांची गोष्ट राहिलीच. आप्पा आमचे पिग्मी एजंट, साठीच्या पुढचे. संध्याकाळी सहाला गल्लीतली वसुली संपवून माझ्या काउंटरवर भरणा करायला येतात. जुलैमध्येच मी माझं स्वतःचं पिग्मी खातं काढलं होतं. नियम असा: सकाळी चालले तर संध्याकाळी वीस रुपये, नाहीतर नाही. आप्पांना मी हे सांगितलं ते गमतीनं, पण त्यांनी ते वसुलीच्या गांभीर्यानं घेतलं. रोज भरणा झाला की मशीन माझ्यापुढे धरायचे. "मॅडम, आज?" मी गप्प बसले की काही बोलायचे नाहीत, नुसतं मशीन खिशात घालायचे. ते खिशात घालणं मला फार लागायचं. घरच्यांना मी थापा मारू शकत होते, मैत्रिणींनाही. पावती छापणाऱ्या माणसापुढे जीभ रेटत नाही, व्यवसायाचा संस्कार म्हणा. पहिल्या वर्षात २१७ दिवस भरले, ४,३४० रुपये. त्यातून चालायचे चांगले बूट आले, उरलेले तिथेच आहेत.

लोकांचं बोलणं हा एक वेगळाच प्रकार. जाडी असताना कोणी काही बोलत नव्हतं असं नाही, पण बारीक व्हायला लागल्यावर बोलणं वाढलं. "शुगर निघाली का?" "चेहरा उतरला गं तुझा." "घरी सगळं ठीक ना?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक घरी वाटीत लाडू, आणि 'एका लाडवानं काय होतंय!' एका लाडवानं खरंच काही होत नाही. पण त्या दिवशी माझी अकरा घरं होती. मी कारण सांगायचं बंद केलं. "घरी नेते, लेकीला आवडतो," म्हणायचं आणि डब्यात टाकायचं. डाएट शब्द उच्चारला की सगळ्या बायका डॉक्टर होतात.

मग जानेवारी २०२४ मध्ये काटा ७५.४ वर बसला तो उठेना. एक शनिवार, दोन शनिवार, नऊ शनिवार. चालणं तेच, तेल तेवढंच. सहा किलो हलकं झालेलं शरीर तेवढ्याच कामाला कमी कॅलरी जाळतं, त्यामुळे जुनी पिग्मी पुरत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. आणि माझाही हात सैल झाला होता. संध्याकाळी पाचच्या चहाबरोबर मूठभर खारे शेंगदाणे 'प्रोटीन' म्हणून सुरू झाले होते, त्या मुठीची मूठ मोठी होत गेली होती. जेवणात उसळ आणि अंडी वाढवली, खुर्चीवरून हात न टेकता उठायचा-बसायचा व्यायाम सुरू केला, आधी आठ वेळा, मग तीन फेऱ्या. गुडघ्याची कुरकुर त्यानंच थांबली, चालण्यानं नव्हे, असं माझं मत आहे.

पण त्या नऊ आठवड्यांत मला टिकवून ठेवलं ते टेलरनं. गेली दहा वर्षं मी त्याच्याकडे ब्लाउज घेऊन जायचे ते माया उसवायला. शिवणीच्या आत तो दोन बोटं कापड जादा ठेवतो, वजन वाढलं की एक टीप उसवायची. माझ्या सगळ्या ब्लाउजांची माया संपलेली होती. फेब्रुवारीत लग्नसराईला जुना ब्लाउज घातला तर खांद्यावरून उतरायला लागला. टेलरकडे गेले. त्यानं टेप लावला, वहीतलं जुनं माप बघितलं, पुन्हा टेप लावला. "आत घ्यायचाय?" एवढंच विचारलं. कंबर मोजायला लावली तर ९४. काटा इतके आठवडे हलला नव्हता, टेप हलला होता. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी टेपही.

मार्चअखेर काटा पुन्हा हलला, मेमध्ये ७४.१ दिसलं. आणि जूनमध्ये सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन, मग एकवीस दिवस दवाखाना आणि घर. रात्री मी खुर्चीत झोपायचे, सकाळी कॅन्टीनचा वडापाव, दुपारी कोणीतरी आणलेला डबा, रात्री बिस्किटांचा पुडा. चहाला साखर किती हे विचारायचं त्राण नव्हतं. वीस दिवस कालनिर्णयावर दुधाचेसुद्धा आकडे नाहीत.

सासूबाई घरी आल्यानंतरच्या शनिवारी मी काट्यावर चढले. ७६.९. दोन किलो आठशे. पूर्वीची मी असते तर कॅलेंडरचं पान उलटून टाकलं असतं आणि पुढच्या लग्नापर्यंत विषय बंद. यावेळी आकडा लिहिला. आमच्या रोजमेळात चूक झाली तर पान फाडत नाहीत, लाल शाईनं दुरुस्ती करून बाजूला सही करतात. लाल पेन सापडला नाही, लेकीच्या कंपासपेटीतल्या लाल पेन्सिलीनं लिहिला.

सोमवारी कामावर गेले. संध्याकाळी आप्पा आले, भरणा केला, आईंची चौकशी केली. मशीन काढलं, पण पुढे केलं नाही.

"आज चालले, पण दहाच मिनिटं," मी म्हटलं.

"मग दहा रुपये द्या," आप्पा म्हणाले आणि पावती छापली.

दहा-दहाच्या त्या पावत्या जवळजवळ महिनाभर चालल्या. मग पंधरा, मग पुन्हा वीस. ते वाढलेलं वजन उतरायला दिवाळी उजाडली, म्हणजे चार महिने. एकवीस दिवसांत चढलं, चार महिन्यांत उतरलं. व्याजाचा हा दर मला मान्य नाही, पण तक्रार करायला खिडकी नाही.

सासूबाई आता वॉकर सोडून काठीवर आल्यात. संध्याकाळी गॅलरीत त्यांच्या वीस फेऱ्या असतात. त्या मोजतात, आणि एकही कमी झालेली मला खपू देत नाहीत, माझीही नाही.

जून २०२५ च्या तपासणीत वजन ७१.५, एचबीएवनसी ५.६, कंबर ८९. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची हद्द ८० धरतात, उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या बीएमआयच्या तक्त्यात तर मी अजून लठ्ठच आहे, कारण भारतीयांसाठी ती रेघ २५ वर आहे आणि मी २९ च्या पुढे. तक्ता भिंतीवर होता, मी त्याच्याकडे बघत होते. डॉक्टरांनी खुर्ची फिरवून माझी नजर तोडली आणि म्हणाले, आता सहा महिने इथेच राहून दाखवा. पुन्हा शून्य किलो. मी दोन किलो तरी द्या म्हणून घासाघीस केली. एक मिळाला.

गेल्या रविवारी अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत जाऊन आले, एकदाच टेकले, तेही फोन आला म्हणून. शनिवारी काट्यावर ७१.३, म्हणजे आदल्या आठवड्यापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. शुक्रवारी बहिणीकडे पुरणपोळी होती. कालनिर्णयावर लिहिलं, आणि संध्याकाळी आप्पांना वीस रुपये दिले.